आसनाखालची घडी

सतेश्वरी उनियालने चैता रमोलाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा चैता तिच्याच आसनावर बसलेली होती.

माघ मेळ्याचे दिवस होते. गावोगावच्या देवांच्या डोल्या भागीरथीवर स्नानाला येत होत्या, पहाटेपासून ढोल वाजत होते, आणि त्या गर्दीतून वाट काढत उजेलीला, ध्यान शिकवणाऱ्या माईंच्या कुटीत पोचायला सतेश्वरीला उशीर झाला. एरवी तिला उशीर होत नसे. दाराशी चपलांच्या रांगेत एक जोड पुरुषी गमबूट दिसले. आत जाऊन पाहते तर माईंच्या उजव्या हाताला, नदीकडच्या खिडकीपाशी, एक ठेंगणी, गोल चेहऱ्याची बाई ऐसपैस बसली होती आणि शेजारणीच्या ओंजळीत खिशातले बुखणे ओतत होती. ध्यानाच्या खोलीत! भाजलेल्या तांदळाचा खमंग वास सगळीकडे सुटला होता.

बायका श्वास रोखून सतेश्वरीकडे पाहत राहिल्या.

"या ना दीदी," ती बाई सरकून घेत म्हणाली, "दोघी मावू. मोठं आहे आसन."

माईंच्या कुटीत आसन ही फार जपण्याची गोष्ट. डुंडाच्या विणकरांकडून आणलेलं लोकरीचं आसन एकदा घेतलं की ते जन्माचं. त्यावर दुसरं कुणी बसायचं नाही. आणि माईंच्या गुरूंपासून चालत आलेला एक नेम होता: जी दुसरीच्या आसनावर बसेल, तिने आपलं आसन जागेसकट तिला देऊन टाकायचं आणि आपण दाराशी बसायचं, नव्या बाईसारखं. एवढी वर्षं हा नेम वापरायची वेळ कुणावर आली नव्हती.

"माई, हिने आता काय द्यायचं?" सतेश्वरीने उभ्याउभ्याच विचारलं. आवाज तिने शांत ठेवला होता.

माईंनी त्या बाईला विचारलं, "तुझं आसन कुठाय?"

"मला कुठलं आसन! डॉक्टर म्हणाला रक्तदाब वाढलाय, रोज थोडं गप्प बसत जा. मी म्हटलं, दुकानात गप्प बसले तर गिऱ्हाईक जाईल. म्हणून इथे आले." आणि मग तिच्या लक्षात आलं. "अगंबाई, हे तुमचं होय? मला वाटलं, पाहुण्यांसाठी ठेवलंय."

माई हसल्या. नुसत्या ओठांत नाही, खांदे हलेपर्यंत हसल्या. माईंना असं हसताना सतेश्वरीने कधी पाहिलं नव्हतं. निदान तिच्या एखाद्या बोलण्यावर तर नाहीच.

"जिच्याकडे काही नाही तिच्याकडून काय घेणार, सतेश्वरी? आज बसू दे तिला."

त्या दिवशी सतेश्वरी गार फळ्यांवर बसली. घरी जाताना आसन बरोबर नेलं, घाटावर तीन पाण्यांतून काढलं आणि पलीकडच्या खडकावर वाळत घातलं. पंडितजी, म्हणजे तिचे यजमान विशालमणि, अंगणात पेपर वाचत होते. ओली लोकर पाहून म्हणाले, "काय गं, आज वृत्ती धुवायला काढल्यास की काय?"

 त्या दिवशी डाळीची फोडणी इतकी करपली, की पंडितजींनी दुसऱ्यांदा विनोद केला नाही.

सतेश्वरीचे वडील संस्कृत पाठशाळेत शिकवत. लहानपणी चुलीपाशी बसून तिने त्यांचा सगळा पाठ ऐकून ऐकून उचलला होता. मन म्हणजे काय, त्यात तरंग कसे उठतात, त्यांना आवर घालायला अभ्यास आणि विरक्ती ही दोन्ही का लागतात, हे ती झोपेतून उठवलं तरी सांगेल. कुटीत नवी बाई आली की माई तिला सतेश्वरीकडे पाठवत.

"सगळे येतात ते मांडी घालायला शिकायला," सतेश्वरी सांगे. नव्या बाईला ती भुली, धाकटी बहीण, म्हणे. "मांडी नंतर, भुली. आधी यम आणि नियम. कुणाला दुखवायचं नाही, खरं बोलायचं, दुसऱ्याचं घ्यायचं नाही. घर बांधताना कुणी छपरापासून सुरुवात करतं का?"

चैतालाही तिने हे सांगितलं. चैताने मन लावून ऐकलं आणि विचारलं, "दीदी, दुसऱ्याचं घ्यायचं नाही म्हणता, पण त्या दिवशी तुमची जागा घेतली ती धरायची का? ती तर चुकून."

"चुकून घेतलेलं धरत नाहीत," सतेश्वरी म्हणाली. पण तिने ते धरलं होतं.

बसस्थानकाजवळ चैताचं लोकरीचं दुकान होतं. शाली, पातळ लोकरीच्या पंख्या, मोजे, वरच्या फळीवर प्लॅस्टिकच्या बादल्या. नवरा बिचारा अबोल, त्यामुळे दोघांचं बोलणं तीच करी. तिने स्वतःसाठी दुकानातलंच एक करडं आसन आणलं आणि दाराजवळ, डावीकडे, सगळ्यांच्या मागे घातलं. रोज यायची. पाऊस असो, बर्फ असो, गमबूट घालून यायची. पण तिला स्थिर बसता येत नसे. थोडा वेळ गेला की तिकडून चुळबुळ ऐकू यायची. सतेश्वरीचे डोळे मिटलेले असत, पाठ सुपारीच्या झाडासारखी सरळ असे, सगळ्या बायका तिच्याकडे पाहून पाठी ताठ करत. आणि मिटल्या डोळ्यांआड सतेश्वरीला ना श्वास दिसे ना ओंकार. दिसे ती चैता. आता उजवीकडे कलली. आता गुडघा उचलला. आता पुन्हा.

एकदा पाण्याच्या नळापाशी ती कुटीत येणाऱ्या गोदाम्बरीला म्हणाली, "अंड्यांवर बसलेली कोंबडीसुद्धा इतकी चुळबुळ करत नाही."

गोदाम्बरीच्या कानात पडलेली गोष्ट गोठ्यापासून बाजारापर्यंत जायला उशीर लागत नसे. महिन्याभरात चैताचं नाव कोंबडी पडलं. चैताच्याही कानावर ते गेलं. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांना उकडलेली अंडी वाटली आणि म्हणाली, "घ्या, आत्ताच घातलीत."

माई पुन्हा खांदे हलवून हसल्या.

माईंचा आणखी एक नेम होता, एकादशीचा. ध्यान संपलं की प्रत्येकीने गेल्या पंधरवड्यात दुसऱ्या कुणात दिसलेली एक चांगली गोष्ट सांगायची. स्वतःबद्दल नाही, माईंबद्दल नाही. माई म्हणत, "सुखी माणसाशी मैत्री आणि दुःखी माणसाची कणव जमते गं. वाईटाकडे काणाडोळाही जमतो. अवघड आहे ती मुदिता. दुसरीचं चांगलं पाहून आपल्याला बरं वाटणं. ते पाठ करून येत नाही, म्हणून इथे त्याची तालीम."

सतेश्वरीची तालीम ठरलेली होती. "अमकी वेळेवर आली." "तमकीने जाजम झटकलं." चैताची पाळी आली की ती दर वेळी सतेश्वरीचंच नाव घेई, आणि दर वेळी नवं काही सांगे. "दीदी दिवा लावताना काडी विझवतात ना, ती फुंकत नाहीत, हात हलवून विझवतात. मी घरी तसं करून पाहिलं, बोट भाजलं." किंवा, "दीदी बसल्या की बंदरपूंछ पर्वतच बसल्यासारखा वाटतो. फक्त बंदरपूंछला चष्मा नाही."

बायका हसत. सतेश्वरीला त्या कौतुकाचा राग येई. कारण हे असं नेमकं पाहणं आपल्याला जमत नाही, हे तिला कळत होतं. आणि त्याहून जास्त राग येई तो माईंच्या चेहऱ्याचा. चैता बोलत असताना माईंचा चेहरा सकाळच्या उन्हात बसल्यासारखा दिसे. एवढ्या वर्षांत आपण माईंसाठी शुद्ध उच्चार आणले, वेळ पाळली, शेणामातीने ओटा सारवला. हिने काय आणलं? अंडी!

जेठ महिन्यात माईंनी सांगितलं की त्यांचे गुडघे आता चालत नाहीत. गुरुपौर्णिमेनंतर त्या मुखबा गावी एका भक्ताच्या घरी वर्षभर मौनात राहणार होत्या.

"आणि वर्ग?" गोदाम्बरीने विचारलं.

"त्यात काय ठरवायचंय? माझ्या उजव्या हाताला जी बसते, ती घेईल. आजवर तसंच चालत आलंय."

सगळ्यांनी सतेश्वरीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली, पण रात्री पंडितजींना सांगताना तिचा आवाज थोडा वर चढला. पंडितजी म्हणाले, "मग आता माईंची जागा तुझी. आमच्या घरातही कुणीतरी गादीवर बसलं म्हणायचं." तिला फार बरं वाटलं. आयुष्यभर तिने याहून दुसरं काही मागितलं नव्हतं.

पण बरं वाटणं टिकेना. वर्ग संपला की माई चैताला थांबवून घेत. आतल्या खोलीतून चहाच्या कपांचा आणि चैताच्या हसण्याचा आवाज येई. काय बोलत असतील? सतेश्वरी चप्पल घालायला जास्तच वेळ लावी. माईंच्या मनात दुसरं काही आलं तर? जागा आपली, हे खरं. पण माईंचं मन कुठे बसतं, ते कुणी सांगावं?

आषाढ लागल्यावर चैता भाचीच्या लग्नाला टिहरीकडे गेली. त्या आठवड्यात झाडलोटीची पाळी सतेश्वरीची होती. दुपारची वेळ. माई आत आडव्या झाल्या होत्या. खाली नदी गढूळ, राखाडी होऊन धावत होती. झाडता झाडता ती चैताच्या करड्या आसनापाशी आली आणि थांबली.

असं काय आहे या आसनात, असं तिच्या मनात आलं. तिला स्वतःलाच हसू यायला हवं होतं. पण या भागातल्या माणसांना आसनाबद्दल असं वाटतंच. साधना कापडात मुरते म्हणतात. कुणाच्या आसनावर बसलं की त्याचं थोडं आपल्यात येतं. सतेश्वरीने केरसुणी भिंतीला टेकवली, दाराकडे पाहिलं आणि ती बसली.

बसली आणि डावीकडे उचलल्यासारखी झाली. आसन सपाट नव्हतं. तिने हात घालून पाहिलं. खालच्या बाजूने, डाव्या अंगाला, जुन्या घोंगडीची चौपदरी घडी जाड दोऱ्याने शिवलेली होती. टाके बऱ्याच वेळा उसवून पुन्हा घातलेले होते, घडी कमीजास्त करून पाहिलेली होती. पंडितजींच्या आईच्या खाटेवर सतेश्वरीने अशीच घडी घातली होती, त्यांचा खुबा मोडला तेव्हा.

ती तशीच बसून राहिली. मग समोर पाहिलं. इथून नदी दिसत नव्हती, माईंची जागाही धड दिसत नव्हती, मध्ये खांब होता. सरळ रेषेत दिसत होती फक्त खिडकीपाशी तिची स्वतःची जागा. म्हणजे चैताला रोज सकाळी डोळे उघडल्यावर सतेश्वरीची पाठ दिसत असणार, दुसरं काही नाही.

कुणी पाहिलं नव्हतं. ती उठली, आसन सारखं केलं, केर भरला आणि घरी गेली.

गुरुपौर्णिमेच्या आधीची एकादशी आली. चैता लग्नाहून परतली होती, हातावर मेंदी होती, पिशवीत सगळ्यांसाठी लग्नातले गोड अरसे होते. ध्यान झालं. एकेकीची पाळी सुरू झाली. गोदाम्बरी म्हणाली, "मी चैताबद्दल सांगते. या पंधरवड्यात ती अजिबात हलली नाही."

"अगं, मी टिहरीला होते!" चैता म्हणाली.

"म्हणून तर!"

खोलीभर हशा पिकला. चैताही हसली, गुडघ्यावर थाप मारून हसली, आणि हसता हसता तिने डावा गुडघा जरासा उचलून धरला. आज पहिल्यांदाच सतेश्वरीला त्या उचलण्याचा अर्थ कळत होता.

कोंबडी हा शब्द तिचाच होता. आत्ता कुणी तो उच्चारला नव्हता, तरी या हशात तो होता आणि तिच्या कानाला खुपत होता.

"सतेश्वरी," माई म्हणाल्या.

सांगायला तिच्याकडे एक वाक्य तयार होतं: पुष्पाने कळशी घासली. तीन शब्द, आणि पाळी संपली असती. चार दिवसांनी पौर्णिमा होती. ती चष्मा काढून पुसत राहिली. इतका वेळ पुसत राहिली, की बायका एकमेकींकडे बघायला लागल्या.

"चैता दुखत असताना बसते," ती शेवटी म्हणाली. "तिच्या आसनाखाली डावीकडे घडी शिवलेली आहे. तिचा खुबा धड नाही. ती चुळबुळ करत नाही, ती टिकून बसते. आपण सरळ बसतो, कारण आपल्याला काही दुखत नाही."

कुणी हसलं नाही. चैताचा चेहरा लाल झाला.

"बांजाच्या झाडावरून पडले होते दीदी, लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा," ती पुटपुटली. "चारा कापायला चढले होते. सासू म्हणाली, आधी भारा उचल, मग रड. त्याचं काय एवढं." मग तिने मान वर केली. "पण तुम्हाला कसं कळलं? घडी तर खालून आहे. वरून दिसत नाही."

सतेश्वरीने चष्मा डोळ्यांवर चढवला.

"मी बसले होते त्यावर. तू नव्हतीस तेव्हा."

गोदाम्बरीच्या तोंडून "हाय राम" निघून गेलं. नेम सगळ्यांना ठाऊक होता. माईंनाही ठाऊक होता, आणि त्यांनी तो मोडायचा काही प्रयत्न केला नाही.

"का बसलीस?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तिच्याकडे काय आहे ते बघायला."

"मग? दिसलं?"

"दिसलं."

माईंनी खिडकीबाहेर हात केला. "माघात ही नदी हिरवी असते, खालचा गोटा न् गोटा मोजून घ्या. आता गाळाने भरलीये. नदी तीच. तू इतकी वर्षं माघातल्या नदीसारखी दिसायला धडपडलीस, सतेश्वरी. गाळ येणारच. आला हे कळायला हवं, एवढ्यासाठीच तर बसायचं. मांडी छान दिसायला नव्हे." मग म्हणाल्या, "आसन दे तिला."

"माई, नको!" चैता धडपडून उठली. "मला एक मंत्र धड येत नाही. मी वर्ग काय घेणार? मी घेतला तर बायका हसून हसून घरी जातील. दीदी चुकून बसल्या असतील."

"मी चुकून बसले नाही," सतेश्वरी म्हणाली. 

तिने आपलं आसन गुंडाळून चैताच्या हातात दिलं आणि दाराशी जाऊन बसली. त्या दिवशी घरी गेल्यावर पंडितजींनी विचारलं, "काय, गादी पक्की ना?" तिने सगळं सांगितलं. पंडितजी पेपर खाली ठेवून म्हणाले, "चहा मी करतो."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ती सुई-दोरा घेऊन कुटीत गेली. चैताच्या जुन्या आसनाखालची घडी तिने उसवली आणि स्वतःच्या, आता चैताच्या झालेल्या, आसनाखाली डावीकडे शिवली. टाके बारीक घातले. चैताच्या टाक्यांपेक्षा आपले टाके चांगले आहेत, हे तिच्या लक्षात आलं, आणि त्याचं तिला थोडं समाधानही वाटलं.

माई मुखब्याला गेल्या. चैता खिडकीपाशी बसायला लागली. पहिल्या सकाळी तिने ओंकार असा काही धरला की नदीपलीकडचं कुत्रं भुंकलं. मंत्राच्या दुसऱ्या ओळीला ती अडली.  मग दाराजवळून, सगळ्यांच्या मागून, स्वच्छ उच्चारात पुढचा शब्द आला. चैताने तो उचलला. पुढे पुन्हा अडली, पुन्हा मागून शब्द आला.

नव्या बाया आल्या की चैता त्यांना सांगे, "मन, वृत्ती, यम, नियम हे सगळं दाराशी बसलेल्या दीदी सांगतील. मी फक्त बसायला लावते." आणि त्या बाया खरंच बसत. रडत येणाऱ्या सुना, बीपीवाल्या म्हाताऱ्या, नोकरी न मिळालेल्या पोरी, सगळ्या येत आणि टिकत. माईंच्या काळात होत्या त्याहून जास्त. आपण वर्ग घेतला असता तर इतक्या टिकल्या असत्या का, हा विचार सतेश्वरीच्या मनात रोज येई, आणि रोज टोचे. मत्सर गेला नव्हता. सकाळी डोळे उघडले की समोर चैताची पाठ दिसे, उजवीकडे किंचित कललेली, आणि छातीत काहीतरी गढूळ हले. आता तिला ते हलताना दिसत असे, एवढाच फरक. मग ती डोळे मिटून पुन्हा श्वासापाशी येई. एकादशीला चैताबद्दल सांगायला तिला दर वेळी काही ना काही सापडे. काही वेळा सांगताना दात आवळावे लागत, पण ती सांगे.

माई वर्षाने परतल्या नाहीत. मौन त्यांना मानवलं, त्या तिथेच राहिल्या.

चैता रमोला आता सत्तरीला आली आहे. गेल्या हिवाळ्यात डेहराडूनला तिचा डावा खुबा बदलला. डॉक्टरांनी मांडी घालायला कायमची बंदी केली आहे, त्यामुळे ती खिडकीपाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून वर्ग घेते, आणि नऊ वाजता दुकान उघडते.